पुढच्या वीस वर्षांच्या आराखड्यात आधी गोदावरीची जागा ठरवा, मग बाकीचं

गोदाकाठी (धागाकर्ता)

हा विषय आत्ताच काढण्याचं कारण तारखेत आहे. नाशिकचा सध्याचा विकास आराखडा जानेवारी 2017 मध्ये मंजूर झाला. येत्या जानेवारीत त्याला दहा वर्षं होतात. 1966 च्या नगररचना कायद्याचं कलम 127 सांगतं की आरक्षित जागा दहा वर्षांत घेतली नाही, तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर 24 महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण व्यपगत, म्हणजे आपोआप रद्द होतं. म्हणजे बागा, मैदानं, नदीकाठचे हिरवे पट्टे या सगळ्यांवर एकदम नोटिसा यायला लागणार, आणि तेही ऐन सिंहस्थात, जेव्हा पैसा आणि माणसं दोन्ही तिकडे गुंतलेली असतील.

माझं म्हणणं साधं आहे. संपादनाला जो काही पैसा मिळेल तो पहिल्यांदा निळ्या पूररेषेच्या आतल्या रिकाम्या जमिनींवर खर्च करा. रस्ते, मार्केट, पार्किंग त्यानंतर. आणि एकदा घेतलेली ती जागा पुढच्या आराखड्यात फेरबदलाची सूचना काढून सरकवता येणार नाही, अशी सोय करा.

निळी-लाल रेषा हे शब्द बातम्यांत येतात, पण परवा भाच्याबरोबर गंगापूर रोडला फ्लॅट बघायला गेलो तेव्हा कळलं की घर घेणाऱ्याला त्याचा अर्थ कुणी सांगत नाही. निळी म्हणजे सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. नदी ते निळी रेषा या पट्ट्यात नवं घर बांधता येत नाही. बाग, मोकळी जागा, उघडा भाजीबाजार असे वापर चालतात. निळी ते लाल यांच्यामध्ये बांधता येतं, पण जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा 0.45 मीटर वर हवं.

आमच्या घरी पुराचं माप म्हणजे दुतोंड्या मारुती, गोदेच्या पात्रात उभी असलेली मूर्ती. आजी पंचवटीत राहायची. आजोबा छत्री घेऊन घाटावर बघून यायचे आणि दारातूनच सांगायचे, "कमरेला लागलं." मग आजी खालच्या फडताळातले डबे माळ्यावर चढवायला घ्यायची, पीठ आधी, डाळी नंतर. छातीला लागलं म्हणजे भांडीबाजार रिकामा करायची वेळ. 2008 च्या सप्टेंबरात मारुती पार बुडालेला मी पाहिला. 2016 आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये परत. अकरा वर्षांत तीनदा! मग तो पंचवीस वर्षांचा हिशेब कुठे राहिला?

नदीच्या बाजूची जागा आपण गुंठ्या-गुंठ्याने घेतली, म्हणून हे होतं. गोदेला मिळणाऱ्या नासर्डी नदीचे दोन्ही काठ बघा. आणि सरस्वती नाला तर दिसतच नाही, तो दहीपूल, सराफ बाजाराच्या खालून बंदिस्त वाहतो. दहीपुलाच्या नावात पूल आहे, पण तिथे उभं राहून "नाला कुठाय" विचारलं तर आजच्या मुलाला दाखवता येणार नाही. गोदेला पूर नसताना, नुसत्या तासाभराच्या पावसात सराफ बाजारात पाणी भरतं ते यामुळेच.

विरोधी मतं हवी आहेत. खास करून ज्यांच्या जमिनी या पट्ट्यात आहेत त्यांची.

मळेकर

राम राम. जमीनवाल्यांना बोलावलंत म्हणून लिहितो, नाहीतर अशा चर्चेत आम्ही फक्त नकाशावरचा हिरवा रंग असतो.

माझा मळा मखमलाबाद शिवारात, तीन एकर अकरा गुंठे. वडिलांच्या हयातीत जुन्या आराखड्यात त्यातल्या सव्वा एकरावर बागेचं आरक्षण पडलं. जागा कुणी घेतली नाही. 2017 च्या आराखड्यात तेच आरक्षण पुन्हा. बाग काही झाली नाही, मळा मात्र हातचा गेला. झोन दाखल्यावर आरक्षणाचा शब्द दिसला की बँकेचा माणूस चहा पिऊन उठतो. द्राक्षबागेला मांडव, अँगल, तार, ठिबक, सगळा खर्च आधी करायचा आणि उत्पन्न पुढच्या वर्षांत काढायचं. उद्या जमीन कुणाची हेच माहीत नसेल तर कोण करेल? आम्ही बाग तोडली. आता तिथे मेथी-कोथिंबीर करतो.

जमिनीच्या बदल्यात टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क, देतात म्हणाल. तो कागद आहे. तो घेऊन बिल्डरच्या ऑफिसात बसायचं आणि तो सांगेल त्या भावाने द्यायचा. पोरीच्या लग्नाच्या वेळी माझ्या चुलतभावाने तसा दिला. काय हातात आलं ते इथे लिहीत नाही.

मध्यंतरी आमच्याच बाजूला मखमलाबाद-हनुमानवाडीची साडेसातशे एकरांच्या आसपासची नगररचना योजना आणायची होती. निम्म्याच्या आसपास जमीन परत देऊ, तिचा भाव वाढेल, असा हिशेब सांगत होते. हिशेब चुकीचा होता असं मी म्हणत नाही. पण ज्याला तीस वर्षं आरक्षणाने ताटकळवलं तो पुढच्या आश्वासनावर सही कशी करेल?

म्हणून माझा विरोध नदीला नाही. नदीची जागा नदीला द्या, पण पैसे रोख द्या. 2013 च्या भूसंपादन कायद्याने शहरात बाजारभावाच्या दुप्पट होतात, तेवढे द्या. ते जमत नसेल तर आरक्षण उठवा. जानेवारीत माझी नोटीस तयार असेल.

गोदाकाठी

मळेकर दादा, रोख पैशाच्या मुद्द्यावर मी तुमच्याच बाजूला आहे. म्हणूनच "आधी पैसा नदीकाठावर" म्हणतोय. सगळीकडे थोडं थोडं दिलं की कुणालाच पुरं पडत नाही. तुमचा सव्वा एकर निळ्या रेषेच्या आत आहे का?

मळेकर

अर्धा आत, अर्धा बाहेर. मधून बांध जातो तसा.

सराफगल्ली

"रिकाम्या जमिनी" असं लिहिलंत हे बरं केलंत, पण पुढच्याच वाक्यात ती रेषा कायमची पक्की करा म्हणता. त्या रेषेत आमचं अख्खं जुनं नाशिक बसतं, त्याचं काय?

आमचा वाडा शंभरी ओलांडलेला. सागाचे खांब, मातीच्या भिंती, मधे चौक. सात भाडेकरू, त्यातल्या चौघांचं भाडं महिना दीडशे रुपये. 2019 ला पाणी ओसरल्यावर मागच्या पडवीची भिंत बसली. दुरुस्तीच्या परवानगीसाठी एका कचेरीत सात महिने फिरलो. एका टेबलावर "तुम्ही पूररेषेत आहात", दुसऱ्या टेबलावर "वाडा धोकादायक आहे, रिकामा करा." दोन्ही नोटिसा माझ्याकडे आहेत, एकाच महिन्यातल्या.

नियम म्हणतो, निळ्याच्या आतल्या जुन्या अधिकृत मिळकतीचा पुनर्विकास करता येतो, फक्त बांधकाम लाल पातळीच्या 0.45 मीटर वर घ्या. माझ्या गल्लीत ती पातळी माझ्या डोक्याच्या वर जाते. मोडीचं सोनं घेऊन येणारी सत्तर वर्षांची बाई तेवढं चढून येणार? आणि सात-आठ फूट रुंदीच्या गल्लीत जिना काढायचा कुठे?

आम्हाला पुराची भीती नाही असं नाही. दिंडी दरवाजाच्या चौकटीवर आमच्याकडे खुणा आहेत. 2008, 2016, 2019. सगळ्यांत वर 1969 ची, आजोबांनी खिळा ठोकून ठेवलेली. पण पिढ्यान्‌पिढ्या पाणी आलं की माल वर, पाणी गेलं की गाळ काढा, फरशी धुवा, गंध-फूल करा, दुकान उघडा. आम्ही पुराशी जुळवून घेतलं होतं. रेषेशी जुळवून घेता येत नाही, कारण ती ओसरत नाही.

वाशिष्ठी

सराफगल्ली काका, "ओसरत नाही" हे वाचून थांबले.

मी मूळची चिपळूणची, लग्नानंतर बावीस वर्षं इंदिरानगरला. 22 जुलै 2021 ला बाबा आणि काकू माडीवर, खाली दुकान. वरून मुसळधार, खालून खाडीची भरती, नदी गाळाने भरलेली. आमच्याकडेही लोक पुराशी जुळवून घेतच आले होते. जिन्याच्या सहाव्या पायरीपर्यंत पाणी येतं, मग थांबतं, हा बाबांचा आयुष्यभराचा हिशेब. त्या दिवशी ते थांबलं नाही. बाबांनी काकूंना पोटमाळ्यावर चढवलं आणि स्वतः रात्रभर लोखंडी कपाटावर बसून राहिले. फोन बंद. मला तिसऱ्या दिवशी सकाळी कळलं की दोघं आहेत. म्हणून चौकटीवरच्या वरच्या खुणेवर फार विसंबू नका, एवढंच कळकळीने सांगते.

आता रेषांबद्दल. किनाऱ्यावर आम्ही हे तीस वर्षं पाहतोय. 1991 ला सीआरझेडची, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामावर बंधनं घालणारी, पहिली अधिसूचना आली, भरतीरेषेपासून 500 मीटर. गावांमध्ये पहिल्या 200 मीटरमध्ये बांधकाम नाही. 2011 ला नवी अधिसूचना, 2019 ला आणखी नवी. 2019 च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या गावांत, म्हणजे 2011 च्या जनगणनेत चौरस किलोमीटरला 2,161 पेक्षा जास्त माणसं असतील तिथे, 200 चे 50 मीटर केले. समुद्र तोच, वाळू तीच. मासेमारांच्या घरांसाठी सवलत हवीच होती, ती मागणी खरी होती. पण सवलतीच्या मागून कोण आलं ते जाऊन बघा.

त्याउलट खारफुटी टिकली. उच्च न्यायालयाने 2005 मध्ये तोड थांबवली, भोवती 50 मीटर मोकळे ठेवायला सांगितले आणि 2012 ला वनविभागात खारफुटीसाठी स्वतंत्र कक्ष झाला. म्हणजे त्या चिखलाला विचारणारं कुणीतरी आलं. तोड अजूनही होते, पण तक्रार कुठे करायची हे आता कोळणीलाही माहीत असतं.

म्हणून गोदाकाठी, तुमच्या प्रस्तावात मला एक गोष्ट कमी वाटते. जमीन घेतली, कुंपण घातलं, बोर्ड लावला, पुढे काय? राखणारा कोण? बिनराखणीची सरकारी जागा म्हणजे भरावाला आमंत्रण.

प्लिंथ

मी स्ट्रक्चरल इंजिनीअर, वीस वर्षं नाशिकमध्येच काम. दोन गोष्टी दुरुस्त करतो आणि एक विरोध नोंदवतो.

पहिली. दुतोंड्या मारुती पात्रातच उभा आहे. तो बुडाला म्हणजे 25 वर्षांचा पूर आला असं होत नाही. अकरा वर्षांत तीनदा बुडाला यावरून रेषा चुकली हे सिद्ध होत नाही. पाण्याचा हिशेब होळकर पुलाखालच्या विसर्गावर होतो. गंगापूर धरणातून सोडलेलं पाणी अधिक धरणाच्या खाली शहरात आणि आजूबाजूला पडलेला पाऊस. हा दुसरा भाग महत्त्वाचा, कारण तो धरणाच्या दारांनी थांबवता येत नाही. शहर जितकं डांबर-काँक्रीटने झाकाल तितका तो लवकर नदीत येतो.

दुसरी. "पंचवीस वर्षांतून एकदा" म्हणजे यंदा आला की चोवीस वर्षं सुट्टी असा अर्थ नाही. दरवर्षी 4 टक्के शक्यता. वीस वर्षांच्या आराखड्यात असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता 56 टक्के होते. लाल रेषेचा पूर वीस वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात येण्याची शक्यता 18 टक्के. घर घेणाऱ्याला हे दोन आकडे करारनाम्याच्या पहिल्या पानावर दिले पाहिजेत.

आता विरोध. निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम आजच बंद आहे. जिथे कुणी बांधूच शकत नाही ती जमीन विकत घेण्यात सगळा पैसा घालायचा कशाला? तोच पैसा नाल्यांवर लावा. वाघाडी, सरस्वती, नासर्डीला मिळणारे छोटे ओहोळ. त्यांच्यावर रेषाच आखलेली नाही अशा कितीतरी जागा आहेत, आणि माणसं तिथे जास्त राहतात. गोदेच्या काठावरचा रिकामा एकर माझ्या यादीत दहावा.

गोदाकाठी

मारुतीबद्दलची चूक कबूल. मी भावनेच्या भरात तो हिशेब जोडला.

विकत घेण्याबद्दल मात्र मागे हटत नाही. बंदी कागदावर आहे, भराव जमिनीवर आहे. सोमेश्वरच्या अलीकडे एका पट्ट्याजवळून मी दहा वर्षं फिरायला जातो. आधी तिथे बाभळी, रुई आणि पावसाळ्यात गुडघाभर पाणी. मग रात्री डंपर यायला लागले. जुन्या बिल्डिंगचा राडारोडा, विटांचे तुकडे, फुटक्या टाइल्स, कमोडसुद्धा. वर मुरूम. दोन पावसाळ्यांत ती जागा रस्त्याच्या पातळीला आली. तिसऱ्या वर्षी लॉन्स, लग्नाचा मांडव, स्टेज. "तात्पुरतं आहे, बांधकाम नाही." आणि पुढे रेषा नव्याने मोजायची वेळ आली की ती जागा उंच निघते! रेषा अशी सरकते, कुणाच्याही सहीशिवाय. मालकी सार्वजनिक असेल तर निदान डंपरवाल्यावर गुन्हा नोंदवायला कुणीतरी फिर्यादी असतो.

वाशिष्ठी ताई, राखणदाराचा मुद्दा मी सोडून दिला होता, तो घेतो. मला वाटतं जमीन घेतली तरी कसणं मूळ मालकाकडेच ठेवावं. भाजी, चारा, फुलं. भराव नाही, बांधकाम नाही. आपल्या बांधावर रात्री डंपर आला तर शेतकऱ्याइतकं लवकर कुणाला कळणार?

मळेकर

हे नवीन ऐकतोय. म्हणजे पैसे रोख आणि मेथी माझीच?

करार किती वर्षांचा? पोराला चालेल का? हे दोन आधी सांगा.

पाथर्डी फाटा

सगळ्यांचं वाचलं आणि मला राहवलं नाही.

मी एकोणतीस वर्षांचा, अंबडच्या कारखान्यात नोकरी, बायको खाजगी शाळेत शिकवते. दोन वर्षं घर शोधतोय. 2011 च्या जनगणनेतच शहर 14.86 लाखांचं होतं, आज किती असेल याचा अंदाज करा. 1982 ला तेवीस गावं जोडून महापालिका झाली तेव्हा जमीन मुबलक वाटली असेल. आता तुम्ही नदीकाठ मोकळा, नाल्याकाठ मोकळा, मळे हिरवे म्हणता, तर राहायची जागा उरते कुठे? जेवढी जमीन बाजूला काढाल तेवढा उरलेल्या जमिनीचा भाव चढतो, आणि तो भाव माझ्या हप्त्यात येतो. ज्याला हप्ता झेपत नाही तो नासर्डीच्या काठावर पत्रे ठोकतो. मग पूर आला की त्याच्याबद्दल हळहळायचं.

मला नदी नको असं नाही. पण या चर्चेत बोलणाऱ्या बहुतेकांचं घर झालेलं आहे. आधी सांगा, माझ्यासारखे लोक कुठे राहतील, मग रेषा आखा.

प्लिंथ

पाथर्डी फाटा, तुझा प्रश्न या धाग्यातला सगळ्यांत अवघड प्रश्न आहे. पण उत्तर नदीकाठात नाही. तिथे 0.45 मीटरच्या अटीने बांधलेली इमारत स्वस्त पडत नाही. खाली पार्किंग, वर व्ह्यू, तो फ्लॅट तुझ्यासाठी नसतो. परवडणारं घर कारखान्याजवळ, आतल्या बाजूला, बसच्या रस्त्यावर व्हायला हवं. ठरावीक टक्के छोटी घरं बांधायची अट आहेच. ती नीट पाळली गेली की नाही याचा पाठपुरावा कर, मी तुझ्याबरोबर येतो. पूरपट्ट्यात घर घेतलंस तर हप्ता तुझा आणि गाळही तुझाच.

पाथर्डी फाटा

छोट्या घरांच्या अटीचं चाललेलं मीही पाहिलंय. दोन छोटे फ्लॅट एकाच माणसाच्या नावे आणि मधली भिंत पाडलेली. पण 18 टक्क्यांचा आकडा डोक्यात राहिला, तो मला आजवर कुणी सांगितला नव्हता. बाकी माझं मत तेच आहे.

काठावरचा

एवढा काथ्याकूट कशाला? अहमदाबादला साबरमतीचा रिव्हरफ्रंट केला तसा करा. दोन्ही बाजूंना भक्कम भिंत, वर फिरायला रस्ता, पूर आत येणार नाही, जमीनही मोकळी होईल, ती विकून खर्च निघेल. सगळे खूश.

निफाडकर

नाशिकला भिंत बांधा आणि पाणी आमच्याकडे पाठवा, असंच ना?

साबरमतीत दिसणारं पाणी नर्मदेच्या कालव्यातून आणलेलं असतं. गोदेची गोष्ट वेगळी. तुमच्या शहरात नदी पसरली नाही तर ती थांबत नाही, वेगाने खाली येते. खाली चांदोरी आहे, सायखेडा आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये आमच्याकडे काय झालं ते तेव्हाच्या बातम्या काढून बघा. सायखेड्याच्या पुलाला पानवेलींचे ढीग अडकतात, पाणी फुगतं आणि गावात शिरतं. त्या पानवेली वाढतात शहराच्या सांडपाण्यावर.

आणखी खाली नांदूर मध्यमेश्वर. गोदावरी-कादवाच्या संगमावरचा बंधारा, त्याच्या फुगवट्यात गाळ साचून पाणथळ झाली आणि पक्षी आले. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, 2020 ला जाहीर झालं. हिवाळ्यात दूरदूरचे पाहुणे गाड्या भरून पक्षी बघायला येतात. पण त्या पाण्यात वरून काय येतं याचा विचार शहराच्या आराखड्यात एका ओळीनेही होत नाही, कारण आराखडा हद्दीवर संपतो. माझी मागणी एवढीच की नदीकाठचा आराखडा ब्रह्मगिरीपासून नांदूर मध्यमेश्वरपर्यंत एक करा. महानगर प्राधिकरण कशासाठी आहे मग?

काठावरचा

खालच्या गावांचा विचार मी केला नव्हता. पण घाटावर बसायला धड जागा नाही, संध्याकाळी आईला घेऊन जावं तर दुर्गंधी, त्याचं काय? निदान तेवढं तरी करा. सगळंच नको म्हणून नदी मागच्या दारासारखी ठेवायची का?

गोदाकाठी

घाट हवा. घाट उताराचा असतो, पाणी वर आलं की पायऱ्यांवर चढतं आणि उतरतं. भिंत उभी असते. आपल्या लोकांनी रामकुंडाला पायऱ्या बांधल्या त्या उगाच नाहीत. आणि नंतर 2003 च्या सिंहस्थाच्या सुमारास पात्रात काँक्रीट ओतलं, जुनी कुंडं त्याखाली गेली. कुंडांचे झरे बंद झाले की उन्हाळ्यात स्नानाला धरणातून पाणी सोडावं लागतं. ते काँक्रीट काढायची मागणी अनेक वर्षं चालू आहे, न्यायालयापर्यंत गेली. एकदा ओतलं की काढायला किती जन्म लागतात ते बघा.

तपोवनाचंही तेच. गेल्या नोव्हेंबरात साधुग्रामासाठी, म्हणजे सिंहस्थातल्या साधूंच्या मुक्कामाच्या जागेसाठी, दीड हजारांहून जास्त झाडं काढायची नोटीस लागली तेव्हा शहर रस्त्यावर आलं, मीही होतो. तेव्हा एका साधूंनी मला विचारलं, "बेटा, हम कहाँ रहें?" प्रश्न बरोबर होता. सिंहस्थ दर बारा वर्षांनी येतो, तारीख आधीपासून ठाऊक असते, तरी जागा दर वेळी घाईघाईत शोधायची. बारा वर्षांतलं एक वर्ष तंबूंसाठी आणि अकरा वर्षं शेतीसाठी अशी जमीन कराराने राखायला हरकत काय? मळेकर दादांनी विचारलेल्या कराराचीच ही मोठी आवृत्ती.

सराफगल्ली

तुम्ही सगळे वर-खाली फिरलात, जुन्या गावाचं उत्तर अजून आलं नाही.

गोदाकाठी

खरं आहे. माझी मूळ सूचना बदलतो. निळ्या रेषेच्या आतल्या रिकाम्या जमिनी आणि गावठाणातली जुनी वस्ती यांना एका मापाने मोजता येणार नाही. रिकामी जमीन घ्या, रोख द्या, कसायला परत द्या. गावठाणात मात्र रेषा आहे तिथेच ठेवून दुरुस्तीला मोकळीक हवी. तळमजल्यावर झोपायची खोली नाही, वीजमीटर आणि वायरिंग वरच्या मजल्यावर, तळाला पाण्याने न विरघळणारा गिलावा, दर वाड्यातून वर जायला दुसरी वाट. एवढ्या अटी घाला आणि परवानगी महिन्याभरात द्या. प्लिंथ, हे चालेल का?

प्लिंथ

तांत्रिकदृष्ट्या चालेल. पण "मोकळीक" म्हटलं की पहिल्या वर्षी दुरुस्ती, दुसऱ्या वर्षी चार मजले, हेही आपण पाहिलंय. मी मजले आणि चटईक्षेत्र (एकूण बांधकामाचं क्षेत्रफळ) आहे तेवढंच ठेवायची अट घालीन.

नाल्यांवर पैसा आधी, हे माझं मत कायम.

सराफगल्ली

मजले वाढवायचे नाहीत, मान्य. माझ्या भाडेकरूंनाही मान्य होईल असं वाटतं. त्यांना तिथेच राहायचंय.

वाशिष्ठी

काका, झोपायची खोली खाली नाही, ही अट कागदावर येईपर्यंत थांबू नका. या पावसाळ्याआधीच करा.

प्लिंथ

सराफगल्ली, तुमच्या चौकटीवरच्या त्या चार खुणांची उंची हवी आहे. उंबऱ्यापासून नको, समोरच्या रस्त्याच्या पातळीपासून मोजलेली. 1969 चा खिळा अजून तिथेच आहे का?

सराफगल्ली

खिळा आहे. गंजलाय, पण हलत नाही. मोजायचं तर रविवारी सकाळी नऊच्या आत या, नंतर गल्लीत गर्दी होते.

मळेकर

मीही येतो. माझ्या बांधावरची 2008 ची खूण आंब्याच्या खोडावर आहे, तीही त्याच दिवशी मोजून घ्या. आणि कराराच्या वर्षांचं कुणी अजून सांगितलं नाही.